कृमींचे पाठभेद

रोग्याची तपासणी होऊन आलेल्या कागदावर पुष्कळदां एक लहानसें वाक्य असतें : 'शौचांत अंकुशकृमींचीं अंडीं आढळलीं.' तें वाचून डॉक्टर औषधाची गोळी देतात, रोगी ती घेतो, आणि थोड्या दिवसांनीं बरें वाटूं लागलें म्हणजे तो कागद कोठें तरी कपाटांत पडून राहतो. या वाक्यांत खोटें कांहीं नाहीं. पण तें अपुरें आहे. अंकुशकृमि हें एका प्राण्याचें नांव नव्हे, तें एका कुळाचें नांव आहे. त्या कुळांतील निरनिराळ्या जातींचीं अंडीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं इतकीं सारखीं दिसतात कीं, समोरचें अंडें कोणत्या जातीचें, हें मुरलेल्या तपासनिसालाही छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. हें अंडें माणसाच्या कृमीचें कीं दारांतल्या कुत्र्याच्या कृमीचें, हा प्रश्न त्या कागदावर विचारलेलाच नसतो. आनुवंशिकशास्त्राच्या साहाय्यानें तो आतां विचारतां येतो आणि त्याचें उत्तरही मिळतें. तें उत्तर कसें मिळतें, व तें मिळाल्यानें आपल्या आरोग्याच्या व्यवहारांत काय फरक पडतो, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊं. अंकुशकृमि हा सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसणारा जंत. त्याचा डोक्याकडचा भाग आंकड्यासारखा वळलेला असतो, म्हणून त्याला हें नांव मिळालें. माणसाच्या लहान आंतड्यांत तो आंतील अस्तराला तोंडानें चिकटून राहतो व रक्तावर आपला निर्वाह करतो. मादी दररोज हजारों अंडीं घालते. तीं शौचावाटे बाहेर पडतात, आणि ओलसर, उबदार, सावलीची माती मिळाली म्हणजे एकदोन दिवसांतच फुटून त्यांतून अळी निघते. ही अळी मातींत दोन वेळां कात टाकते, आणि सुमारें आठवड्याभरांत वरच्या थरांत येऊन अनवाणी पावलाची वाट पाहत थांबते. पाऊल पडलें कीं ती त्वचेंतून आंत शिरते, रक्ताबरोबर फुप्फुसांत जाते, तेथून श्वासनलिकेच्या वाटेनें घशापर्यंत चढते, गिळली जाते, आणि शेवटीं आंतड्यांत आपल्या मुक्कामीं पोहोंचते.

या कृमीनें माणूस सहसा तडकाफडकीं दगावत नाहीं. तो हळूहळू फिकट पडतो. शेतांत राबणाऱ्या बाईला चार पावलें चालतांच धाप लागते, मुलाचें अभ्यासांत लक्ष राहत नाहीं, गरोदर स्त्रीच्या अंगांत रक्त उरत नाहीं. २०१० सालासाठीं केलेल्या एका जागतिक गणनेप्रमाणें सुमारें ४४ कोटी लोकांच्या आंतड्यांत हा पाहुणा वास्तव्य करून होता. एवढ्या मोठ्या उपद्रवाचा बंदोबस्त करावयाचा, तर उपद्रव देणारा नक्की कोण, हें ठाऊक नको काय ?

आतां या कुळाचा इतिहास पाहूं. मिलान येथील वैद्य आंजेलो दुबिनी यांना १८३८ सालीं एका शेतकरी स्त्रीच्या मृत देहाची तपासणी करतांना हा कृमि प्रथम आढळला. १८४३ सालीं त्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्याला 'अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल' असें नांव दिलें. १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वतांतील सेंट गॉटहार्डच्या बोगद्याचें काम करणारे मजूर मोठ्या संख्येनें पंडुरोगानें खंगूं लागले, तेव्हां या कृमीचें उग्र स्वरूप युरोपला कळून आलें. पण तो शरीरांत शिरतो कसा, हें कोडेंच होतें. तें कैरो येथें काम करणाऱ्या आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञानें उलगडलें. १८९८ च्या सुमारास अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब चुकून त्याच्या हातावर सांडले. त्या जागीं आग व खाज सुटली. आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्या स्वतःच्याच शौचांत कृमीचीं अंडीं दिसूं लागलीं. अळी कातडींतून आंत शिरते, हें अशा रीतीनें उघडकीस आलें.

तोंपर्यंत माणसाचा अंकुशकृमि एकच, अशी समजूत होती. १९०२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स स्टाइल्स यांनीं तेथील रोग्यांतील कृमि नीट न्याहाळला, तेव्हां त्याच्या मुखांत दातांऐवजीं कापणाऱ्या पट्ट्या दिसल्या. हा दुबिनीच्या कृमीहून निराळा होता. त्याला पुढें 'नेकेटर अमेरिकॅनस' हें नांव मिळालें. दोघांचीं अंडीं मात्र सारखींच. मग मुखांत दांत आहेत कीं पट्ट्या, याची उठाठेव रोग्यानें कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, नेकेटर जातीचा एक कृमि दिवसाला सुमारें ०.०३ मिलिलिटर रक्त वायां घालवितो, तर ड्युओडिनेल जातीचा एक कृमि त्याच्या सुमारें पांचपट. म्हणजे पहिल्याचे शंभर कृमि जें नुकसान करतील तें दुसऱ्याचे वीसच करतील. दुसरा भेद तर याहून कुतूहलाचा आहे. पश्चिम बंगालमध्यें संशोधन करून शॅड व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं असें दाखविलें कीं, ड्युओडिनेल जातीच्या अळ्या माणसाच्या शरीरांत शिरल्यावर कित्येक महिने निजून राहूं शकतात. कोरड्या ऋतूंत अंडीं घालून उपयोग नाहीं. तीं बाहेर सुकून जावयाचीं. म्हणून त्या थांबतात, आणि पावसाळ्याच्या सुमारास वाढीला लागतात. आपला शेतकरी मृगाची वाट पाहतो, तशीच ही अळीही पाहते, असें म्हटलें तरी चालेल ! अशा रोग्याला ऐन उन्हाळ्यांत तपासलें, तर अंडीं थोडीं दिसतील किंवा मुळींच दिसणार नाहींत. तेव्हां जातिभेद हा केवळ संग्रहालयांतील चिठ्ठ्यांचा खेळ नव्हे; त्यावर रोगाचें मान, काळ व उपाय अवलंबून असतात.

येथवर दोन जातींची गोष्ट झाली. खरा घोटाळा तिसरीपासून सुरू होतो, आणि तो जवळजवळ चाळीस वर्षें टिकला.

१९१० सालीं ब्राझीलमध्यें गोमेस दि फारिया यांनीं कुत्र्यामांजरांच्या आंतड्यांतील एका लहान अंकुशकृमीचें वर्णन केलें व त्याला 'अँकिलोस्टोमा ब्राझिलिएन्स' असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९११ सालीं, वर उल्लेखिलेल्या लूस यांनीं सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतील, एका उदमांजराच्या आंतड्यांत सांपडलेल्या कृमीचें वर्णन करून त्याचें नांव 'अँकिलोस्टोमा सिलॅनिकम' असें ठेविलें. सोयीसाठीं आपण पहिल्याला ब्राझीलचा कृमि व दुसऱ्याला लंकेचा कृमि म्हणूं. १९१३ सालीं क्लेटन लेन या हिंदुस्थानांत नोकरीवर असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बंगालमधील कैद्यांच्या आंतड्यांत लंकेचा कृमि सांपडला. प्राण्यांतील कृमि माणसांत आढळला, ही मोठी महत्त्वाची नोंद होती. परंतु त्याच वर्षीं लंडनचे विख्यात कृमितज्ज्ञ लायपर यांनीं दोन्ही कृमींची तुलना करून असें मत दिलें कीं, हे दोन निराळे नसून एकच आहेत. नियमाप्रमाणें जुनें नांव राहिलें, आणि लंकेच्या कृमीचें नांव ब्राझीलच्या कृमींत विलीन झालें.

याचा परिणाम असा झाला कीं, दोन अगदीं भिन्न स्वभावांचे प्राणी एकाच नांवाखालीं वावरूं लागले. ब्राझीलच्या कृमीची अळी माणसाच्या त्वचेंत शिरते खरी, पण पुढची वाट तिला सांपडत नाहीं. ती कातडीच्या थरांतच भटकत राहते आणि तिच्या मागें लाल, नागमोडी, अतिशय खाज सुटणारी रेघ उमटत जाते. हा त्रास कांहीं आठवड्यांनीं आपोआप शमतो. लंकेच्या कृमीची अळी मात्र कातडींत घोटाळत बसत नाहीं. ती थेट आंतड्यांत पोहोंचते, मोठी होते, रक्त पिते व अंडीं घालते. एकाचें भांडण कातडीशीं, दुसऱ्याचें रक्ताशीं. पण ग्रंथांत दोघांची नोंद एकच झाल्यामुळें, एका देशांतील वैद्य त्या नांवापुढें 'त्वचारोग' लिहीत व दुसऱ्या देशांतील वैद्य 'आंतड्यांतील कृमि' लिहीत. आणि कोणाचें खरें, हें ठरत नसे.

शेवटीं १९५१ सालीं एत्तोरे बियोक्का या इटालियन शास्त्रज्ञानें दोन्ही कृमींची पुन्हां बारकाईनें तपासणी केली. मुखांतील आंतल्या लहान दातांचा आकार, आणि नराच्या शेपटाकडे जो छत्रीसारखा पडदा असतो त्यांतील काड्यांची ठेवण, या दोन गोष्टींत दोघांचा स्पष्ट भेद आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. लंकेच्या कृमीला आपलें नांव परत मिळालें. यावरून डोळ्यांनीं पाहून केलेल्या परीक्षणाला कमी लेखण्याचें कारण नाहीं. घोटाळा डोळ्यांनींच झाला, तसा तो डोळ्यांनींच निस्तरला.

मग आनुवंशिकशास्त्राची गरज काय ? अडचण अशी कीं, बियोक्कांची कसोटी लावावयाची तर पूर्ण वाढलेला कृमि हातीं असावा लागतो, आणि जिवंत माणसाच्या आंतड्यांतील कृमि हातीं येणार कसा ? पूर्वीं रोग्याला औषध देऊन पुढें कांहीं दिवस त्याचें सर्व शौच चाळणींतून धुऊन काढीत व त्यांत पडलेले कृमि वेंचीत. हें काम किती किळसवाणें व कष्टाचें, हें सांगावयास नकोच; गांवेंच्या गांवें अशा रीतीनें तपासणें तर अशक्यच. अंड्यांतून अळ्या वाढवून त्या पाहण्याचीही रीत आहे. तिनें नेकेटरची अळी व अँकिलोस्टोमाची अळी यांत भेद करतां येतो. पण अँकिलोस्टोमाच्या घरांतील भाऊबंद एकमेकांपासून ओळखणें तेथेंही कठीणच. म्हणजे सहज हातीं येतें तें अंडें मुकें, आणि बोलका कृमि हातीं येत नाहीं. अंड्याला बोलकें करण्याचा उपाय गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सांपडला.

तो समजण्यासाठीं आपल्या परिचयाचा एक दृष्टान्त घेऊं. छापखाने येण्यापूर्वीं आपल्याकडील ग्रंथ हातानें नकलून घेतले जात. नकलणाऱ्याच्या हातून एखादें अक्षर चुके. पुढें त्या पोथीवरून ज्या नकला होत त्या सर्वांत ती चूक उतरे. अशा रीतीनें एकाच ग्रंथाचे निरनिराळे पाठ निर्माण होत. ज्ञानेश्वरींत असे पुष्कळ पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हें आपणांस ठाऊकच आहे. आज जुन्या पोथ्यांचे अभ्यासक याच पाठभेदांवरून कोणती पोथी कोणत्या घराण्याची, हें ठरवितात. दोन पोथ्यांचें बाड सारखें असेल, अक्षरही सारखें असेल. पण दहा ठिकाणीं पाठ निराळा असेल, तर त्या एका घराण्याच्या नव्हेत.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत अशीच एक पोथी असते. डी. एन. ए. नांवाच्या लांबलचक रेणूवर, अवघ्या चार अक्षरांच्या लिपींत, तो प्राणी घडविण्याच्या सर्व सूचना लिहिलेल्या असतात. पिढी दर पिढी ही पोथी नकलली जाते, आणि तींतही क्वचित् अक्षर चुकतें. अंड्याचें कवच बाहेरून सारखें असलें, तरी आंत ही पोथी आहेच, आणि तींत जातीचा पाठ लिहिलेला आहे.

पण एवढ्या मोठ्या ग्रंथांतील कोणतें पान उघडावें ? सर्वच पानें सारख्या उपयोगाचीं नसतात. कांहीं भाग इतका महत्त्वाचा असतो कीं, त्यांत चूक झाली तर तो जीव जगतच नाहीं. तो भाग सर्व कृमींत जवळजवळ सारखाच सांपडावयाचा. उलट कांहीं भाग इतका झपाट्यानें बदलतो कीं, एकाच जातीच्या दोन कृमींतही तो निराळा असावयाचा. आपल्याला हवें तें पान या दोहोंच्या मधलें. पेशींत प्रथिनें तयार करणारें जें यंत्र असतें, त्याचा सांगाडा बनविणारीं जनुकें एकापुढें एक मांडलेलीं असतात, आणि त्यांच्या दरम्यान कांहीं मोकळ्या जागा असतात. जनुकें फारशीं बदलत नाहींत. पण त्या मधल्या जागांत चुका सांठत जातात. पोथींतला लेखनिक मूळ ओवी जपून उतरतो, पण अध्यायाच्या शेवटीं येणारा स्वतःचा मजकूर थोडाबहुत बदलून लिहितो, तसाच हा प्रकार. शिवाय या भागाच्या शेंकडों प्रती एकेका पेशींत असतात, त्यामुळें एखाद्या अंड्यांतूनही तो मिळूं शकतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील रॉबिन गॅसर, नील चिल्टन आदि संशोधकांनीं अनेक कृमींच्या बाबतींत या मधल्या जागांचे पाठ वाचून काढले, आणि निकटच्या जाति ओळखण्यास हें पान उत्तम आहे, असें सिद्ध केलें.

आतां प्रत्यक्ष कृति. अंड्यांतील डी. एन. ए. इतका थोडा असतो कीं, त्याच्या नकला काढल्याशिवाय कांहीं करतां येत नाहीं. त्यासाठीं अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांनीं १९८३ सालीं शोधलेली रीत वापरतात. तिच्याबद्दल त्यांना १९९३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हव्या त्या पानाच्या आरंभाचे व शेवटचे थोडे शब्द आपण तयार करून द्यावयाचे, म्हणजे तेवढ्याच भागाची नकल होते. एका फेरींत एकाच्या दोन प्रती, दुसऱ्या फेरींत चार, तिसऱ्या फेरींत आठ. अशा तीस फेऱ्या झाल्या म्हणजे हिशोबानें एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात, आणि त्याही दोनचार तासांत. कोणत्याही पेशव्याच्या दफ्तरांत इतके तत्पर कारकून नव्हते !

पुढें या नकला ओळखण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली कात्रीची. सूक्ष्म जंतूंपासून मिळणारीं कांहीं द्रव्यें अशीं आहेत कीं, तीं डी. एन. ए. मधील ठराविक शब्द दिसेल तेथेंच तो रेणू कापतात, एरवीं त्याला स्पर्श करीत नाहींत. लंकेच्या कृमीच्या पानांत तो शब्द एका जागीं असेल व ब्राझीलच्या कृमीच्या पानांत तेथें एक अक्षर बदललेलें असेल, तर एकाचे तुकडे पडतील व दुसऱ्याचे पडणार नाहींत. हे तुकडे एका पातळ, खळीसारख्या थरांत घालून त्यांतून विजेचा प्रवाह सोडतात. लहान तुकडे दूरवर धांवतात, मोठे मागें रेंगाळतात, आणि रंग दिल्यावर त्यांच्या रेघांची नक्षी पाहून कृमीची जाति सांगतां येते. दुसरी वाट सर्व पान अक्षरशः वाचून काढण्याची. ती अधिक खर्चाची असली तरी अधिक खात्रीची.

येथें एक शंका येते. पाठ निराळा आहे एवढ्यावरून जाति निराळी कशी म्हणावी ? माणसामाणसांतही पाठभेद असतातच ! शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरांतच या पद्धतीचें खरें मर्म आहे. दोन प्रकारचे प्राणी एकाच जातीचे असतील, तर एकत्र आल्यावर त्यांचा संबंध होतो, व संततींत दोघांचेही पाठ मिसळतात. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहूनही जर पाठ मिसळत नसतील, तर दोघांत बेटीव्यवहार नाहीं, असा अर्थ होतो. लंकेचा व ब्राझीलचा कृमि ज्या प्रदेशांत कुत्र्यांच्या आंतड्यांत शेजारीं शेजारीं आढळतात, तेथेंही ते आपापला पाठ सोडीत नाहींत. बियोक्कांनीं दातांवरून जें सांगितलें, त्याला पेशींतील पोथीनें अशा रीतीनें दुजोरा दिला.

या नव्या साधनानें काय दिसून आलें ? २००७ सालीं ऑस्ट्रेलियांतील कुत्र्यांत लंकेचा कृमि प्रथमच ओळखला गेला. तो तेथें बहुधा पुष्कळ वर्षांपासून असावा, पण त्याच्याकडे कोणाचें लक्षच गेलें नव्हतें. २००८ सालीं बँकॉकच्या देवालयांच्या आवारांत राहणारीं कुत्रीं या कृमीचा साठा बाळगून आहेत, असें रेबेका ट्रॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. २०१२ सालीं मलेशियांतील खेड्यांमधून ज्या रोग्यांच्या कृमींची जाति ठरवितां आली, त्यांपैकीं चौथाईच्या आसपास रोग्यांत लंकेचा कृमि निघाला. २०१४ सालीं कंबोडियांतील एका खेड्यांत तर अंकुशकृमि असलेल्या माणसांपैकीं सुमारें अर्ध्या लोकांत तोच आढळला. एके काळीं ज्याला स्वतंत्र नांवही नव्हतें, तो आग्नेय आशियांत माणसाचा क्रमांक दोनचा अंकुशकृमि असल्याचें आतां मानलें जातें.

आपल्या देशांतील एक उदाहरण याहून निराळें आहे, म्हणूनच तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तमिळनाडूंतील जव्वादु डोंगरांतील आदिवासी वस्तींत माणसें, कुत्रीं व माती या तिहींची अशीच तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. तेथें माणसांत प्रामुख्यानें नेकेटर आढळला, म्हणजे माणसाचा स्वतःचाच कृमि. कुत्र्यांत मात्र त्यांचे स्वतःचे कृमि होते, आणि त्यांत लंकेचाही होता. म्हणजे त्या वस्तींतील पंडुरोगाचा बोजा मुख्यतः कुत्र्यांवर लादतां येत नाहीं. पोथी वाचल्यामुळें कंबोडियांत जो आरोपी सांपडला, तो येथें बव्हंशीं निर्दोष ठरला. सरसकट एकच निकाल देतां येत नाहीं. प्रत्येक गांवचा न्याय त्या गांवच्या पुराव्यावरच व्हावयास पाहिजे.

याचा व्यवहारांतील अर्थ काय ? आपल्या देशांत फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यास सुरुवात झाली आहे. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडॅझोल या औषधाची गोळी देतात. ही गोळी अंकुशकृमींच्या सर्व जातींवर चालते, म्हणून आजारी मुलाला औषध देण्यासाठीं जनुकांच्या तपासणीची वाट पाहत बसण्याचें मुळींच कारण नाहीं. प्रश्न गोळी दिल्यानंतरचा आहे. गांवांतील कृमि नेकेटर असेल, तर त्याचा साठा माणसांतच आहे. सर्वांना औषध मिळालें व सर्वांना शौचकूप मिळाले, तर माती हळूहळू शुद्ध होईल. पण कृमि लंकेचा असेल, तर मुलांना कितीही गोळ्या दिल्या तरी गल्लींतील कुत्रीं रोज नवी अंडीं मातींत पेरीतच राहतील. मुलें पुन्हां अनवाणी खेळतील, पुन्हां फिकट पडतील, आणि औषध निरुपयोगी ठरलें अशी हाकाटी होईल. दोष औषधाचा नसून, अर्ध्याच रोग्यांना तें दिल्याचा असेल. अशा गांवीं पशुवैद्याला बरोबर घेतल्याशिवाय डॉक्टरांचें काम पुरें होणार नाहीं. कुत्र्यांना हाकलून देणें किंवा मारणें हा यावरील उपाय नव्हे. त्यांनाही औषध देणें हा उपाय आहे.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, नवा पाठ ज्या जुन्या पाठाशीं ताडून पाहावयाचा, तो जुना पाठ खात्रीच्या कृमीचा असला पाहिजे. एखाद्या नमुन्यावर आरंभींच चुकीचें नांव पडलें, तर पुढें त्याच्याशीं जुळणारा प्रत्येक कृमि त्याच चुकीच्या नांवानें नोंदला जावयाचा. म्हणून दांत मोजणारा जुना तज्ज्ञ व पाठ वाचणारा नवा तज्ज्ञ यांनीं एकमेकांचा हात सोडतां कामा नये. दुसरी मर्यादा निसर्गाचीच आहे : सर्वच जाति अंकुशकृमींसारख्या सरळ रेषेनें वेगळ्या झालेल्या नसतात. पोटांतील मोठा गोल जंत घ्या. माणसांतील गोल जंत व डुकरांतील गोल जंत अतिशय सारखे असून त्यांना दोन निरनिराळीं नांवें आहेत. ग्वाटेमालांतील खेड्यांत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जनुकें तपासलीं, तेव्हां शेजारीं राहूनही दोघांचे पाठ बहुतेक निराळे राहिल्याचें दिसलें. परंतु २०२० सालीं केनियांतील माणसांत सांपडलेल्या जंतांची संपूर्ण पोथी वाचल्यावर तींत दोन्ही घराण्यांचे पाठ मिसळलेले आढळले. म्हणजे येथें बेटीव्यवहार पुरता बंद झालेला नाहीं. निसर्गांत कोठें भिंत आहे, कोठें कुंपण आहे, आणि कोठें नुसती बांधावरची वाट आहे. ती ज्या ठिकाणीं जशी आहे तशी दाखविणें, हेंच शास्त्राचें काम. आपल्या सोयीसाठीं सर्वत्र भिंत काढणें हें नव्हे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं फारच थोड्यांना कधीं कृमीचा डी. एन. ए. पाहण्याचा प्रसंग येईल. पण पावसाळ्यांत मुलांच्या पायांत पादत्राण असावें, उघड्यावर शौच होऊं नये, घरीं कुत्रा पाळला असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें त्याला वेळच्या वेळीं जंताचें औषध द्यावें, आणि मुलें ज्या वाळूंत खेळतात तेथें त्याची घाण पडूं देऊं नये, या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. कृमि कोणत्याही जातीचा असो, त्याला या उपायांनीं अडथळा होतोच. शहरांतील वा गांवांतील आरोग्याचा कारभार पाहणाऱ्यांकडे मात्र आपण एवढी मागणी अवश्य करावी कीं, औषधवाटपाचे आंकडे मोजतांना, ज्या शत्रूवर हें औषध सोडलें तो कोण व तो कोठें कोठें राहतो, याचाही अधूनमधून शोध घेतला जावा. शत्रूचें नांव चुकलें म्हणजे त्याचा पत्ताही चुकतो, आणि मग चांगलें औषधही भलत्याच दारावर जाऊन परत येतें.